नव्या लॅपटॉपवर वेब सर्व्हर: सगळा सेटअप एका स्क्रिप्टमध्ये

फोनवर ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की पान उघडतं, कारण कुठल्यातरी कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम चोवीस तास कान देऊन बसलेला असतो. कुणी काही मागितलं की तो फाइल काढून देतो, नाहीतर दुसऱ्या प्रोग्रॅमकडून पान तयार करून घेऊन पाठवतो. हा प्रोग्रॅम म्हणजे वेब सर्व्हर. अपाची १९९५ पासून आहे, एन्जिनएक्स २००४ मध्ये आला, आणि आज जगातल्या बहुतेक वेबसाइटच्या मागे या दोघांपैकी एक किंवा त्यांच्यासारखं काहीतरी असतं.

वेबसाइट बनवायला शिकताना हाच सर्व्हर आपल्या स्वतःच्या लॅपटॉपवर बसवावा लागतो. कॉलेजात बहुतेकांची सुरुवात झॅम्पने होते. इन्स्टॉलर डाउनलोड करा, नेक्स्ट-नेक्स्ट करा, दोन हिरवी बटणं दिसली की झालं. शिकायला ते ठीक आहे. पण खरा प्रोजेक्ट सुरू झाला की पीएचपीचं ठराविक व्हर्जन लागतं, डेटाबेस लागतो, एचटीटीपीएस लागतं, साइटला वेगळं नाव लागतं. मग पंधरा-वीस पायऱ्या होतात आणि त्या कुणाच्या तरी डोक्यात किंवा जुन्या वर्ड फाइलमध्ये राहतात.

मी आधी ज्या टीममध्ये होते तिथे अशीच एक फाइल होती. नवीन आलेली मुलगी तिसऱ्या दिवशीही स्टँडअपमध्ये "सेटअप चालू आहे" एवढंच सांगत होती आणि चेहऱ्यावरून कळत होतं की तिला वाटतंय, आपल्यालाच जमत नाहीये. प्रत्यक्षात फाइलमधली एक पायरी उबुंटूच्या जुन्या व्हर्जनसाठी लिहिलेली होती, ती नव्या व्हर्जनवर चालणं शक्यच नव्हतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माणसाचा आत्मविश्वास अशा गोष्टीत जातो, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. लिहिलेल्या पायऱ्या जुन्या झाल्या तरी कुणाला कळत नाही. स्क्रिप्ट जुनी झाली तर ती चालवल्याबरोबर ओरडते.

या लेखात उबुंटू धरून एन्जिनएक्स, पीएचपी आणि मारियाडीबीचा सेटअप कसा स्वयंचलित करायचा ते बघू. विंडोजवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं सांगते. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

स्क्रिप्टची पहिली दोन ओळी

स्क्रिप्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. टर्मिनलमध्ये तुम्ही एकेक कमांड टाइप करता, त्याच एकाखाली एक लिहून ठेवायच्या. लिनक्सवर त्या वाचणारा प्रोग्रॅम बहुतेक वेळा बॅश असतो, तो १९८९ पासून आहे. पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह आणि बॅशचा पत्ता असतो. तिला शबँग म्हणतात, आणि ही फाइल कुणी वाचायची हे त्यावरून ठरतं. फाइल सेव्ह केल्यावर सीएचमॉड कमांडने तिला "चालवण्यायोग्य" अशी परवानगी एकदा द्यावी लागते.

दुसरी ओळ मात्र बरेच लोक गाळतात. बॅशचा मूळ स्वभाव असा की एखादी कमांड फसली तरी तो शांतपणे पुढच्या ओळीवर जातो. फोल्डरमध्ये जाण्याची कमांड फसली आणि पुढची ओळ "इथलं सगळं डिलीट कर" अशी असली, तर तो भलत्याच फोल्डरमधलं डिलीट करेल. यावर उपाय म्हणजे 'सेट' ही कमांड आणि तिचे तीन पर्याय: ई, यू आणि पाइपफेल. ई दिला की कमांड फसताच स्क्रिप्ट थांबते. यू दिला की कधीच न ठरवलेलं व्हेरिएबल वापरलं तर थांबते. पाइपफेलमुळे पाइपने जोडलेल्या कमांडपैकी मधली फसली तरी ती लपत नाही.

हे किती गंभीर असू शकतं त्याचं प्रसिद्ध उदाहरण जानेवारी २०१५ मधलं आहे. लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग ॲपच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती: स्टीमचं फोल्डर ज्या व्हेरिएबलमध्ये आहे, त्याच्या आतलं सगळं डिलीट करा. काही परिस्थितीत ते व्हेरिएबल रिकामं राहायचं. मग त्या ओळीचा अर्थ "मुळापासून सगळं डिलीट करा" असा व्हायचा. एका यूजरच्या स्वतःच्या मालकीच्या सगळ्या फाइली गेल्या, लॅपटॉपला जोडलेल्या बाहेरच्या ड्राइव्हसकट. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने "भीतीदायक" अशा अर्थाची कॉमेंटही टाकून ठेवली होती!

इथे एक बारकावा आहे. व्हेरिएबल "ठरवलेलं पण रिकामं" असेल तर यू पर्याय त्याला पकडत नाही. त्यासाठी व्हेरिएबलच्या महिरपी कंसात नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह लिहायचं. रिकामं असेल तर बॅश तिथेच थांबतो. डिलीट करणाऱ्या प्रत्येक ओळीत मी हे लिहितेच. आणि खरं सांगायचं तर सेटअप स्क्रिप्टमध्ये डिलीट करायची वेळ फार कमी येते. येत असेल तर आधी विचार करा की का येतेय.

दहा वेळा चालवली तरी निकाल तोच

सेटअप स्क्रिप्ट आणि नुसती कमांडची यादी यात मुख्य फरक हा आहे. स्क्रिप्ट सातव्या पायरीवर थांबली, कारण वायफाय गेलं. आता काय करायचं? पहिल्या सहा पायऱ्या पुन्हा चालल्या तर काही बिघडेल का? चांगल्या स्क्रिप्टचं उत्तर "नाही" असं असतं. ती पुन्हा पहिल्यापासून चालवायची, जे झालंय ते ती ओलांडून जाते. या गुणाला इंग्रजीत आयडेम्पोटन्स असं जड नाव आहे. घरातलं उदाहरण घ्या. "दिवा लाव" हे दहा वेळा सांगितलं तरी दिवा लागलेलाच राहील. "बटण दाब" असं दहा वेळा सांगितलं तर दिवा शेवटी बंद. स्क्रिप्टमध्ये आपल्याला "दिवा लाव" या प्रकारचीच वाक्यं हवीत.

काही कमांडमध्ये ही सोय आधीपासून आहे. फोल्डर बनवणाऱ्या एमकेडीआयआरला पी पर्याय दिला की फोल्डर आधीच असलं तरी ती तक्रार करत नाही. शॉर्टकट लिंक बनवणाऱ्या एलएन कमांडला एस, एफ आणि एन हे पर्याय दिले की जुन्या लिंकच्या जागी नवी येते. एपीटीला आधीच असलेलं पॅकेज सांगितलं तर ती "आहेच" म्हणून पुढे जाते, फक्त वाय पर्याय द्यायचा म्हणजे मध्ये हो-नाही विचारत बसत नाही. डेटाबेसमध्येही "नसेल तर बनव" असं लिहिता येतं, डेटाबेससाठी आणि यूजरसाठी दोन्हीकडे.

जिथे सोय नाही तिथे आधी तपासून मग करायचं. होस्ट्स फाइलचं उदाहरण बघा. ईटीसी फोल्डरमधल्या या फाइलमध्ये कुठलं नाव कुठल्या आयपी पत्त्यावर जातं हे लिहिलेलं असतं आणि सिस्टीम साधारणपणे इंटरनेटवर विचारण्याआधी इथे बघते. आपल्या किराणा दुकानाच्या प्रोजेक्टचं नाव "किराणा डॉट टेस्ट" ठेवायचं असेल तर इथे १२७.०.०.१ च्या पुढे ते नाव लिहायचं. १२७.०.०.१ म्हणजे "मीच", हाच कॉम्प्युटर. स्क्रिप्टने डोळे झाकून ही ओळ जोडली तर दहा वेळा चालवल्यावर दहा ओळी होतील. म्हणून आधी ग्रेपने शोधायचं, नाही सापडली तरच जोडायची. हे शोधणं 'इफ'च्या आत लिहा. ग्रेपला काही सापडलं नाही की ती त्याला अपयश मानते, आणि सुट्या ओळीत असेल तर वरच्या ई पर्यायामुळे स्क्रिप्ट तिथेच थांबेल.

या एका ओळीत आणखी एक गंमत लपलेली आहे. होस्ट्स फाइल रूटच्या मालकीची. म्हणून लोक लिहितात: सुडो, इको, मजकूर, आणि मग दोन मोठ्यापेक्षा-चिन्हं देऊन फाइलचं नाव. उत्तर येतं "परमिशन डिनाइड". सुडो लावूनही? कारण फाइल उघडण्याचं काम सुडो करतच नाही, ते तुमचा शेल करतो, आणि तो साधा यूजर म्हणून चाललेला असतो. बरोबर पद्धत म्हणजे मजकूर पाइपने 'सुडो टी'ला द्यायचा, सोबत ए पर्याय, म्हणजे ती फाइलच्या शेवटी जोडेल.

यावर "मग सगळी स्क्रिप्टच सुडोने चालवू" असं कुणीतरी म्हणतंच. चालेल, पण मग स्क्रिप्ट बनवेल ती प्रत्येक फाइल रूटची होईल आणि उद्या एडिटरमध्ये तुमचाच प्रोजेक्ट सेव्ह होणार नाही. गरज असेल त्याच ओळीला सुडो लावा. पासवर्ड एकदा विचारला की थोडा वेळ पुन्हा विचारत नाही.

पीएचपी मागितलं आणि अपाची आला

आता पॅकेजेस. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ती जागा दाखवते. उबुंटूवर एन्जिनएक्स बसवला, मग एपीटीला नुसतं "पीएचपी" मागितलं, तर बरोबर अपाचीही येतो. कारण पीएचपीच्या पॅकेजला सर्व्हरशी जोडणारा कुठलातरी एक दुवा लागतो आणि त्याच्या यादीत अपाचीचा दुवा पहिला आहे. मग दोघांनाही पोर्ट ८० हवं असतं. एका पोर्टवर एकच जण बसू शकतो, दुसरा "पत्ता आधीच वापरात आहे" म्हणून सुरूच होत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये "पीएचपी-एफपीएम" असं मागायचं. एन्जिनएक्स स्वतः पीएचपी चालवत नाही, तो काम एफपीएमकडे सोपवतो, त्यामुळे आपल्याला तेच हवंय.

कधीकधी गंमत पुढेही चालू राहते. अपाची काढून टाकला तरी त्याचं स्वागताचं पान फोल्डरमध्ये तसंच राहतं. मग एन्जिनएक्स नीट चालत असूनही ब्राउझरमध्ये "अपाची" लिहिलेलं पान दिसतं आणि माणूस अर्धा तास अपाची शोधत बसतो.

दुसरा सापळा व्हर्जनचा. एन्जिनएक्स आणि एफपीएम एकमेकांशी सॉकेट नावाच्या एका खास फाइलमधून बोलतात आणि त्या फाइलच्या नावात पीएचपीचं व्हर्जन असतं. उबुंटू २२.०४ मध्ये पीएचपी ८.१ आहे, २४.०४ मध्ये ८.३. इंटरनेटवरून कॉपी केलेल्या स्क्रिप्टमध्ये ८.१ लिहिलेलं असेल आणि तुमचं उबुंटू नवीन असेल तर ब्राउझरमध्ये ५०२ बॅड गेटवे दिसतं. आमच्या त्या वर्ड फाइलमधली अडलेली पायरी याच जातीची होती. आकडा हाताने लिहायचाच नाही. स्क्रिप्टमध्ये पीएचपीलाच विचारायचं की तुझं व्हर्जन काय, आलेलं उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि सॉकेटचं नाव त्यावरून बनवायचं.

साइटची कॉन्फिग आणि डॉलरचा घोळ

उबुंटूवर एन्जिनएक्सची दोन फोल्डर असतात, साइट्स-अव्हेलेबल आणि साइट्स-एनेबल्ड. पहिल्यात सगळ्या साइटच्या कॉन्फिग फाइली, दुसऱ्यात फक्त चालू असलेल्यांच्या लिंक. स्क्रिप्टने पहिल्यात फाइल लिहायची, दुसऱ्यात लिंक टाकायची, आणि "डिफॉल्ट" नावाची आधीची लिंक काढायची. ती नाही काढली आणि आपल्या साइटलाही डिफॉल्ट सर्व्हर म्हटलं, तर एन्जिनएक्स "दोन डिफॉल्ट कसे" म्हणून सुरू व्हायला नकार देतो.

स्क्रिप्टमधून लांब मजकुराची फाइल लिहायची असेल तर हिअरडॉक वापरतात. सुरुवातीला एक खुणेचा शब्द, बहुधा ईओएफ, मग मजकूर, शेवटी पुन्हा तोच शब्द. अडचण अशी की एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमध्येही डॉलरने सुरू होणारे शब्द असतात, उदाहरणार्थ डॉलर यूआरआय. बॅशला वाटतं हे माझंच व्हेरिएबल आहे. तो त्याची किंमत शोधतो, सापडत नाही आणि तिथे रिकामी जागा लिहून मोकळा होतो. वरचा यू पर्याय असेल तर निदान स्क्रिप्ट थांबते. नसेल तर मोडकी कॉन्फिग लिहिली जाते आणि दोष एन्जिनएक्सवर जातो. सुरुवातीचा खुणेचा शब्द अवतरणचिन्हात टाकला की बॅश मजकुराला हात लावत नाही. पण मग प्रोजेक्टचं नाव, सॉकेटचं नाव ही आपली व्हेरिएबल्सही भरली जात नाहीत. मी एन्जिनएक्सच्या डॉलरच्या आधी उलटी तिरकी रेघ देते. फाइल मोठी असेल तर वेगळी टेम्प्लेट फाइल ठेवून त्यातल्या ठराविक जागा सेडने भरणं जास्त वाचनीय होतं.

फाइल लिहिल्यावर लगेच एन्जिनएक्सला टी पर्याय देऊन कॉन्फिग तपासून घ्या आणि ती पास झाली तरच रीलोड करा. रीलोड, रीस्टार्ट नाही. रीलोडमध्ये नवी कॉन्फिग चुकीची निघाली तरी जुनी चालू राहते.

४०३ आणि ७७७

सगळं बरोबर करूनही ब्राउझरमध्ये ४०३ फॉरबिडन दिसतं तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच. प्रोजेक्ट तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे आणि एन्जिनएक्स "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा" नावाच्या वेगळ्या यूजरने चालतो. उबुंटू २१.०४ पासून नवीन यूजरचं होम फोल्डर इतरांना बंद असतं. त्याआधी उघडं असायचं, म्हणून जुन्या ट्युटोरियलमध्ये या अडचणीचा उल्लेखच सापडत नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरला कितीही परवानग्या द्या, वाटेतलं दार बंद असेल तर आत कसं येणार?

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे सीएचमॉड ७७७. कृपया हे करू नका. ७७७ म्हणजे कॉम्प्युटरवरच्या कुणीही यावं, वाचावं, बदलावं, चालवावं. लॅपटॉपवर लागलेली ही सवय पुढे खऱ्या सर्व्हरवरही जाते. त्याऐवजी सेटएफएसीएल या कमांडने फक्त त्या एका यूजरला, फक्त होम फोल्डर ओलांडून जाण्यापुरती परवानगी देता येते. वाचायची नाही, लिहायची नाही, फक्त ओलांडायची. स्क्रिप्टमध्ये ही एक ओळ आहे आणि दहा वेळा चालवली तरी चालते.

नावात काय आहे

साइटला "डॉट टेस्ट" नावच का? पूर्वी खूप डेव्हलपर "डॉट डेव्ह" वापरायचे. छोटं, गोड नाव. पण डॉट डेव्ह हे खरंखुरं टॉप लेव्हल डोमेन आहे आणि ते गूगलच्या ताब्यात आहे. डिसेंबर २०१७ मध्ये क्रोम ६३ आला आणि त्याने डॉट डेव्हने संपणाऱ्या प्रत्येक पत्त्यावर एचटीटीपीएस सक्तीचं केलं. लोकांच्या लॅपटॉपवरच्या साइट एका अपडेटमध्ये उघडेनाशा झाल्या. डॉट टेस्ट मात्र १९९९ पासूनच चाचणीसाठी राखून ठेवलेलं आहे, ते कधीच कुणाला विकलं जाणार नाही. डॉट लोकलही टाळा. प्रिंटरसारखी उपकरणं घरच्या नेटवर्कवर एकमेकांना शोधायला ते वापरतात.

एचटीटीपीएस हवं असेल तर एमकेसर्ट नावाचं छोटं साधन आहे. ते तुमच्या लॅपटॉपवर एक खाजगी प्रमाणपत्र-संस्था तयार करतं, ब्राउझरला तिच्यावर विश्वास ठेवायला लावतं आणि तिच्या सहीने किराणा डॉट टेस्टचं प्रमाणपत्र बनवतं. ते सुडोने चालवू नका, नाहीतर संस्थेची फाइल रूटच्या घरात जाऊन बसते. लागेल तेव्हा ते स्वतःच पासवर्ड विचारतं. आणि त्या संस्थेची खाजगी की कधीही, कुणालाही, व्हॉट्सॲपवर "जरा पाठव ना" म्हटलं तरी पाठवू नका. ती ज्याच्याकडे आहे तो तुमच्या ब्राउझरला कुठलीही साइट खरी म्हणून दाखवू शकतो, बँकेचीसुद्धा.

डेटाबेसच्या पासवर्डचंही तसंच. तो स्क्रिप्टमध्ये लिहिला आणि स्क्रिप्ट गिटहबवर टाकली की पासवर्ड जगजाहीर. वेगळ्या एन्व्ह फाइलमध्ये ठेवा, ती गिटइग्नोरमध्ये टाका, आणि ती फाइल नसेल तर स्क्रिप्टनेच रँडम पासवर्ड बनवून तिथे लिहावा.

आता फोनवर बघायचं

तुमची साइट बघणारे बहुतेक लोक फोनवरूनच येणार, त्यामुळे लॅपटॉपवर छान दिसली यात अर्धंच काम झालं. सर्वांना माहीत असलेली पद्धत म्हणजे दोघं एकाच वायफायवर आणि फोनमध्ये लॅपटॉपचा १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी पत्ता टाकायचा. घरी ठीक आहे. हॉस्टेल किंवा कॅफेच्या वायफायवर मात्र याचा अर्थ असा की तुमचा अर्धवट प्रोजेक्ट त्या नेटवर्कवरच्या इतरांनाही दिसू शकतो. शिवाय फोनचा ब्राउझर १९२.१६८ वाल्या साध्या पत्त्याला सुरक्षित मानत नाही, म्हणून कॅमेरा, लोकेशन यांची परवानगीच मागता येत नाही.

माझ्या स्क्रिप्टमध्ये एन्जिनएक्स फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो, बाहेर दिसतच नाही. अँड्रॉइड फोन मी यूएसबी केबलने जोडते. फोनच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग सुरू करायचं. मग लॅपटॉपवर 'एडीबी रिव्हर्स' कमांडने फोनचं पोर्ट ८०८० लॅपटॉपच्या पोर्ट ८० ला जोडायचं. आता फोनमध्ये लोकलहोस्ट कोलन ८०८० टाका, तुमची साइट उघडेल. लोकलहोस्टला ब्राउझर सुरक्षित मानतो, त्यामुळे कॅमेराही चालतो. वायफाय नसलं तरी चालतं, केबल पुरते. काम झालं की डीबगिंग बंद करा, ते कायम चालू ठेवायची गोष्ट नाही.

यासाठी दोन गोष्टी स्क्रिप्टमध्ये आधीच हव्यात. आपली साइट डिफॉल्ट सर्व्हर असायला हवी, कारण फोन "किराणा डॉट टेस्ट" न मागता "लोकलहोस्ट" मागतो. आणि साध्या पत्त्यावरून एचटीटीपीएसवर ढकलणारं रीडायरेक्ट नको. फोनला ते डॉट टेस्ट नाव माहीतच नसतं, आणि रूट न करता फोनची होस्ट्स फाइल बदलता येत नाही.

विंडोजवाल्यांसाठी

विंडोजवर डब्ल्यूएसएल बसवा, आत उबुंटू मिळतं आणि वरची बहुतेक स्क्रिप्ट तशीच चालते. सर्व्हिस सुरू-बंद करणारं सिस्टीमडी डब्ल्यूएसएलमध्ये २०२२ पासून आहे. जुन्या व्हर्जनमध्ये सिस्टीमसीटीएल कमांड चालत नसेल तर आधी डब्ल्यूएसएल अपडेट करा. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर न ठेवता उबुंटूच्या आत ठेवा, सी ड्राइव्हवरच्या फाइली आतून वाचणं बरंच हळू होतं. तुमचा ब्राउझर विंडोजमध्ये आहे, त्यामुळे किराणा डॉट टेस्ट हे नाव विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये लिहायला हवं, त्यासाठी नोटपॅड ॲडमिन म्हणून उघडावं लागतं. एमकेसर्टची संस्थाही विंडोजकडे बसवायची.

आणि स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर "बॅड इंटरप्रीटर" म्हणाली, नाव बरोबर दिसत असूनही, तर ती विंडोजच्या एडिटरमध्ये सेव्ह झालेली असते. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं टाकतं, लिनक्स एक. ते जास्तीचं चिन्ह बॅशच्या नावाला चिकटतं आणि त्या नावाचा प्रोग्रॅम अर्थातच सापडत नाही. व्हीएस कोडमध्ये खाली उजवीकडे सीआरएलएफ लिहिलेलं दिसतं, त्यावर क्लिक करून एलएफ करा.

दुसऱ्याची स्क्रिप्ट चालवण्याआधी

इंटरनेटवर अनेक ठिकाणी एक ओळ दिलेली असते: कर्लने ही फाइल आणा आणि पाइपने थेट बॅशला द्या. सोयीचं आहे, पण तुम्ही न वाचलेला कोड तुमच्या हक्कांनी चालतो, आणि मध्ये सुडो असेल तर रूटच्या. आधी डाउनलोड करा, वाचा, मग चालवा. चॅटबॉटने लिहून दिलेल्या स्क्रिप्टलाही हेच लागू. त्यात ७७७ आणि जुनी व्हर्जन्स मला नेहमी दिसतात, कारण ज्या ट्युटोरियलवर तो शिकला त्यातही तीच होती. शेलचेक नावाचं मोफत साधन आहे, त्यात स्क्रिप्ट टाकली की अवतरणचिन्हं विसरलेली जागा, डिलीटच्या धोक्याच्या ओळी हे सगळं ते बोट ठेवून दाखवतं.

डॉकर असताना हे कशाला, असं विचारणारे असतात. प्रश्न बरोबर आहे. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने प्रत्येक प्रोजेक्टला आपापला डबा दिला, दोन प्रोजेक्टला पीएचपीची दोन व्हर्जन्स लागत असतील तर मी तोच वापरते. दहा-वीस मशीन सांभाळायची असतील तर अँसिबल. पण चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, विशेषतः विंडोजमध्ये, डॉकर जड जातो, आणि डॉकरफाइलच्या आतही शेवटी याच बॅशच्या ओळी असतात. ५०२ कुठून आलं हे ज्याला साध्या मशीनवर शोधता येतं त्यालाच ते डब्याच्या आत शोधता येतं.

राहिली चाचणी. स्वतःच्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालली हा काही पुरावा नाही, कारण तिथे सहा महिन्यांत हाताने बसवलेल्या पन्नास गोष्टी आधीच असतात. मल्टिपास नावाचं मोफत साधन एका कमांडमध्ये कोरं उबुंटू व्हर्च्युअल मशीन उभं करतं. स्क्रिप्ट त्यात टाका आणि चालवा. मग लगेच दुसऱ्यांदा चालवा, दुसऱ्या वेळीही एरर यायला नको. मग मशीन पुसून टाका, नवीन उभं करा, आणि या वेळी स्क्रिप्ट मध्येच कंट्रोल-सीने तोडून पुन्हा पहिल्यापासून चालवा. तिन्ही वेळा शेवटी कर्लने साइट मागवून २०० हा आकडा आला, तर फाइल टीमच्या रिपॉझिटरीत टाकायला हरकत नाही.